पहिला धक्का कोणाचा? गतीच्या नियमांचा इतिहास आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न

दृढीकरण संस्काराच्या तयारीचा वर्ग चालू होता. संत थॉमस अक्वायनस यांनी देवाच्या अस्तित्वाविषयी दाखविलेल्या पाच मार्गांपैकी पहिला मार्ग मी मुलांना समजावून देत होतो. जी वस्तू हलते तिला दुसरे कोणीतरी हलवीत असते. त्या दुसऱ्याला तिसरे. ही साखळी अनंत मागे नेता येत नाही. म्हणून ज्याला कोणी हलवीत नाही असा एक आद्यचालक मानावा लागतो. इतके सांगून मी थांबलो, तोच मागच्या बाकावरचा अकरावीतील एक मुलगा उभा राहिला. "फादर, आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तर याच्या उलट आहे. चालती वस्तू कोणी अडवली नाही तर ती आपण होऊन सरळ चालतच राहते. तिला ढकलायला कोणी लागत नाही. मग देव नेमके काय ढकलतो?"

वर्गात थोडा हशा पिकला. मी उत्तर दिले, "ठीक आहे, पण सुरुवातीचा पहिला धक्का तरी कोणीतरी दिलाच असेल ना?" मुलगा नम्रपणे खाली बसला, परंतु त्याचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. पुढे काही दिवस या विषयावरील जुने-नवे ग्रंथ चाळल्यावर ध्यानात आले की, माझे उत्तर विज्ञानाच्या दृष्टीने कच्चे होते आणि ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने त्याहूनही कच्चे होते. शिवाय ते नवीनही नव्हते. माझ्याहून फार थोर माणसांनी तेच उत्तर पूर्वी देऊन पाहिले होते. आपणा धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना असा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच. यास्तव गतीच्या नियमांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

१. बैलगाडीचा अनुभव

या कथेचा आरंभ ॲरिस्टॉटलपासून (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) करावा लागतो. त्याची शिकवण रोजच्या अनुभवाशी इतकी जुळणारी होती की, दोन हजार वर्षे ती विद्वानांना पटत राहिली. बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. यावरून त्याने असा नियम काढला की, गती टिकवून ठेवण्यासाठी चालक सतत वस्तूच्या लगत असला पाहिजे. दगड खाली पडतो तो त्याचे स्वाभाविक स्थान पृथ्वीच्या मध्याशी आहे म्हणून. ज्वाला वर जाते ती तिचे स्थान वर आहे म्हणून. ही झाली स्वाभाविक गती. याखेरीजची सर्व गती बळाने लादलेली. आकाशातील गोल मात्र पाचव्या, अविनाशी तत्त्वाचे. त्यांची गती वर्तुळाकार व अखंड. ती टिकवून ठेवण्यासाठी स्वतः अचल असा आद्यचालक हवा.

या मांडणीत एक अडचण प्रथमपासूनच होती. हातातून सुटलेला दगड हात दूर राहिल्यावरही पुढे का जातो? ॲरिस्टॉटलने उत्तर दिले की, फेकणारा भोवतालच्या हवेलाही चालना देतो आणि ती हवा दगडाला पुढे नेते. हे उत्तर पुष्कळांना ओढूनताणून आणलेले वाटले. आणि गतीच्या शास्त्रातील पुढील सारी प्रगती या एका अडचणीतून उगम पावली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या देशातही हाच प्रश्न विचारला गेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. वैशेषिक दर्शनात बाणाचे उदाहरण घेऊन असे सांगितले आहे की, बाणाची पहिली गती प्रत्यंचेच्या प्रेरणेने होते आणि पुढची गती बाणात उत्पन्न झालेल्या संस्काराने होते. तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. म्हणजे दोष हवेच्या माथी न मारता कारण बाणातच शोधण्याचा विचार आपल्याकडेही फार पूर्वी झाला होता.

२. अलेक्झांड्रियाचा परिश्रमी ख्रिस्ती

सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया येथे योहान नावाचा एक ख्रिस्ती तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचे टोपणनाव फिलोपोनस, म्हणजे श्रमाची आवड असलेला. जग अनादि आहे हे मत त्याला त्याच्या श्रद्धेमुळे मान्य नव्हते आणि इ. स. ५२९ मध्ये त्याने त्या मताविरुद्ध एक मोठा ग्रंथ लिहिला. ॲरिस्टॉटलच्या भौतिकविचारावरील भाष्यात त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी की, हवा दगडाला ढकलीत नाही. फेकणारा दगडातच एक अशरीरी चालकशक्ती घालतो. दुसरी अशी की, एक दगड दुसऱ्याच्या अनेक पट जड असला तरी त्याच उंचीवरून पडण्यास दोघांना लागणाऱ्या वेळात फारच थोडा फरक पडतो. गॅलिलिओच्या आधी हजार वर्षे हे लिहिले गेले आहे.

पुढे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर लिहिताना त्याने आणखी एक पाऊल टाकले. सूर्य, चंद्र व तारे यांना देवदूत ढकलीत असतात असे काही भाष्यकार मानीत. फिलोपोनसने विचारले की, ज्या देवाने हे गोल निर्माण केले त्याला त्यांच्यात चालकशक्ती घालता आली नसती काय? देवदूतांना या कामावर नेमण्याची त्याला गरज दिसेना. आकाशातील गोलही पृथ्वीवरील वस्तूंसारखेच निर्माण केलेले पदार्थ आहेत, त्यांत दैवी असे काही नाही, हा विचार त्याच्या सृष्टिविषयक श्रद्धेतून निघाला होता.

दुर्दैवाने त्रैक्याविषयीच्या त्याच्या मतांमुळे, म्हणजे तीन व्यक्तींना तीन भिन्न स्वभाव असल्यासारखी त्याने मांडणी केल्यामुळे, त्याच्यावर पाखंडाचा ठपका आला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने (इ. स. ६८० ते ६८१) त्याच्या मृत्यूनंतर त्याला बहिष्कृत ठरविले. ईश्वरविज्ञानात चुकलेला माणूस निसर्गाविषयी खरे बोलू शकतो, ही गोष्ट आपण विसरतो तेव्हा काय गमावतो, त्याचा हा एक धडा होय. त्याचे काही विचार अरबी विद्वानांकडे पोचले. इब्न सीना (९८० ते १०३७) याने फेकलेल्या वस्तूत शिरणाऱ्या अशाच एका ओढीची कल्पना मांडली.

३. पॅरिसचा लोहाराचा दगड

तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पश्चिमेकडील विद्यापीठांत शिकविले जाऊ लागले. काही शिक्षक त्याच्या आहारी इतके गेले की, ॲरिस्टॉटलला जे अशक्य वाटले ते देवालाही अशक्य, असे म्हणू लागले. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी अशी २१९ विधाने निषिद्ध ठरविली. त्यांत, मागे पोकळी राहील म्हणून देव विश्वाला सरळ रेषेत हलवू शकणार नाही, असेही एक विधान होते. या निषेधात घाई होती आणि अन्यायही होता. तथापि ॲरिस्टॉटलच्या मतापलीकडेही काही शक्य आहे, असा विचार करण्यास त्याने विद्वानांना मोकळीक दिली.

याच पॅरिसमध्ये चौदाव्या शतकात ज्याँ ब्यूरिदाँ नावाचे धर्मसेवक-अध्यापक शिकवीत असत. त्यांनी हवेच्या सिद्धान्ताची साध्या उदाहरणांनी परीक्षा घेतली. लोहाराचा धार लावण्याचा गोल दगड हात काढल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. तो जागा सोडीत नाही. मग त्याच्या मागे जाऊन हवा त्याला ढकलते कुठून? त्याभोवती कापड धरून हवा अडवली तरी तो फिरतोच. प्रवाहाविरुद्ध ओढून नेलेली नाव, ओढणे थांबले तरी लगेच थांबत नाही. आणि तिच्यावर उभ्या असलेल्या नावाड्याला हवा मागून ढकलताना जाणवत नाही, उलट समोरून अडविताना जाणवते. ही उदाहरणे वाचताना आपल्याला आपल्या गावचे कुंभाराचे चाक आठवल्याखेरीज राहत नाही.

ब्यूरिदाँ यांचा निष्कर्ष असा की, फेकणारा वस्तूत एक प्रेरणा उत्पन्न करतो. वस्तूतील द्रव्य जितके अधिक आणि तिचा वेग जितका अधिक, तितकी ही प्रेरणा अधिक. हवेचा अडथळा व वस्तूचे वजन यांमुळे ती झिजते. आज आपण वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतो, त्याच्या हे बरेच जवळचे आहे. मग त्यांनी आकाशाकडे दृष्टी वळविली. तेथे अडथळा नाही; म्हणून निर्मितीच्या वेळी देवाने गोलांना दिलेली प्रेरणा झिजणार नाही आणि त्यांना हलविण्यासाठी वेगळ्या बुद्धिमान चालकांची गरजही पडणार नाही. पवित्र शास्त्रात तसे चालक सांगितलेले आढळत नाहीत, हेही त्यांनी निदर्शनास आणले. सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला या वचनाशी त्यांनी या विचाराची सांगड घातली आणि अंतिम निर्णय नम्रपणे ईश्वरविज्ञानाच्या पंडितांवर सोपविला.

त्यांच्या पिढीनंतरचे निकोल ओरेम हे १३७७ मध्ये लिझ्यो येथील बिशप झाले. विश्वाची तुलना त्यांनी घड्याळाशी केली: कारागीर घड्याळ करतो आणि ते आपण होऊन चालू लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर वर फेकलेला बाण मागे का पडत नाही, या आक्षेपाला त्यांनी चालत्या जहाजाचे उदाहरण देऊन उत्तर दिले. जहाजावरील सर्व वस्तू जहाजाची गती घेऊनच चाललेल्या असतात. पृथ्वी स्थिर आहे असेच त्यांनी शेवटी मानले. परंतु तर्काने याचा निकाल लागत नाही, हे त्यांनी मान्य केले.

येथे आपल्या पक्षाच्या अभिमानाला थोडा आवर घातला पाहिजे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम (१८६१ ते १९१६) यांनी हे विस्मृतीत गेलेले ग्रंथ उजेडात आणले आणि आधुनिक विज्ञानाचा जन्म १२७७ मध्येच झाला, असा दावा केला. नंतरच्या इतिहासकारांनी तो बराच सौम्य केला. कारण ब्यूरिदाँ यांची प्रेरणा हे गती टिकविणारे आंतरिक कारण आहे. त्यांच्या मतेही गतीला कारण लागतेच, फक्त ते बाहेरून आत आले इतकेच. एकसारख्या सरळ गतीला कारणच लागत नाही, ही कल्पना त्यांनाही सुचली नव्हती.

४. मनोरा, गलबत आणि खटला

ती कल्पना सतराव्या शतकात आकारास आली. गॅलिलिओने (१५६४ ते १६४२) उतरत्या फळीवरून गोळे सोडून पडणाऱ्या वस्तूचा नियम शोधला: समान कालखंडांत वस्तू अनुक्रमे १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. आजच्या मापाने पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. गुळगुळीत क्षितिजसमांतर पृष्ठावर गोळा न थांबता चालत राहील, हेही त्याने ओळखले. हे विवेचन असलेला त्याचा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडातील लायडन येथे छापावा लागला; कारण १६३३ मध्ये रोम येथे त्याला दोषी ठरविण्यात आले होते.

हा भाग आपण गाळून पुढे जाता कामा नये. १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत स्थगित करण्यात आला. त्याच वर्षी आपल्या गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. एकीकडे ख्रिस्तसभा परक्या भाषेत सुवार्ता सांगण्याचे धैर्य दाखवीत होती आणि त्याच काळी दुसरीकडे निसर्गाच्या नव्या भाषेपुढे भीत होती. गॅलिलिओचा संवादग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून १८३५ पर्यंत गळला नाही. आणि त्या खटल्यातील ईश्वरविज्ञानाच्या पंडितांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केली.

तथापि त्याच ख्रिस्तसभेत वेगळी माणसेही होती. पिएर गासांदी (१५९२ ते १६५५) हे फ्रेंच धर्मगुरू १६४० मध्ये मार्सेय बंदरात एका वल्ह्यांच्या वेगवान गलबतावर चढले आणि डोलकाठीच्या टोकावरून त्यांनी दगड सोडविले. जुन्या मताप्रमाणे गलबत पुढे गेल्याने दगड मागे पडावयास हवा होता. तो डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. धावत्या आगगाडीत वर उडविलेले नाणे आपल्याच हातात पडते, हा आपला नित्याचा अनुभव तोच आहे. १६४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात गासांदींनी अडथळा नसलेली वस्तू सरळ एकसारखी चालत राहील, असे स्पष्ट लिहिले. इटलीतील येशूसंघीय रिचिओली (१५९८ ते १६७१) तर पृथ्वीच्या गतीचे विरोधक. पण बोलोन्या येथील सुमारे ९७ मीटर उंचीच्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडून आणि लोलकाने काळ मोजून त्यांनी गॅलिलिओचा १, ३, ५, ७ हा नियम पडताळला आणि तो खरा ठरल्याचे १६५१ च्या ग्रंथात नोंदविले. प्रतिपक्षाचे मोजमाप बरोबर निघाले तर तसे लिहून ठेवणे, हा सचोटीचा धडा आहे.

देकार्तने १६४४ मध्ये या नियमाला ईश्वरविज्ञानाचा आधार दिला. देव अविकारी आहे; म्हणून तो जगातील गतीचे एकूण प्रमाण जसेच्या तसे राखतो आणि प्रत्येक वस्तू, दुसऱ्या कशाने बदल केला नाही तर, आपल्या स्थितीतच राहते. त्याचे टक्करींचे नियम पुढे चुकीचे ठरले. परंतु जडत्वाचा नियम सर्वसामान्य नियम म्हणून मांडताना त्याने देवाच्या विश्वासूपणाचे कारण दिले, ही गोष्ट आपणास विचार करावयास लावणारी आहे.

५. न्यूटनचे तीन नियम

आयझॅक न्यूटनचा मोठा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तीन नियम आज शाळेतील प्रत्येक मूल शिकते. पहिला नियम: बाहेरून बल लागू झाले नाही तर स्थिर वस्तू स्थिर आणि चालती वस्तू सरळ रेषेत एकसारख्या वेगाने चालती राहते. दुसरा: गतीतील बदल लागू झालेल्या बलाच्या प्रमाणात व त्याच दिशेने होतो; शाळेतील रूपात सांगावयाचे तर बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. तिसरा: एक वस्तू दुसरीवर जितके बल लावते तितकेच बल दुसरी पहिलीवर विरुद्ध दिशेने लावते.

आता बैलगाडीचे कोडे सुटते. गाडी थांबते ती चालक नाही म्हणून नव्हे. घर्षण तिला थांबविते म्हणून. सपाट रस्त्यावर ती एका वेगाने चालते तेव्हा बैलांची ओढ व घर्षण एकमेकांना तोलून धरतात. एकूण बल शून्य असते. विहिरीतून घागर वर येते तेव्हा तिचे वजन खाली आणि दोराचा ताण वर असतो. वेदीवर ठेवलेला ग्रंथ स्थिर असतो. कारण पृथ्वी त्याला खाली ओढते आणि वेदीचा पृष्ठभाग त्याला तितक्याच बलाने वर धरून ठेवतो. येथे धर्मशिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. ही दोन बले तिसऱ्या नियमातील जोडी नव्हेत. ती दोन्ही एकाच ग्रंथावर लागू आहेत. ग्रंथाच्या वजनाची खरी जोडी म्हणजे ग्रंथाने पृथ्वीवर लावलेली तितकीच ओढ. गाडीही बैलांना तितक्याच बलाने मागे ओढते. तरी सर्व पुढे जातात, कारण बैलांचे खूर जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते.

न्यूटनचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र आकाश व पृथ्वी एका नियमाखाली आणण्याचा होय. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढून घेते, असे आपल्या भास्कराचार्यांनीही ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत म्हटले आहे. न्यूटनने ही ओढ सर्व वस्तूंमध्ये परस्परांत असल्याचे सांगितले आणि तिचे गणित दिले. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होत असेल, तर तेथे ती ३६०० पट कमी हवी. म्हणजे येथील दगड एका सेकंदात जितका पडतो, तितकाच चंद्र एका मिनिटात आपल्या सरळ वाटेवरून पृथ्वीकडे पडला पाहिजे; आणि तो तसाच पडतो. झाडावरचे फळ व आकाशातील चंद्र एकाच कायद्याचे पालन करतात. फिलोपोनसने श्रद्धेने जे म्हटले होते, ते न्यूटनने आकड्यांनी दाखविले.

६. न्यूटनचे उत्तर आणि माझे उत्तर

न्यूटन धार्मिक वृत्तीचा होता. परंतु त्याला आपल्या श्रद्धेचा साक्षीदार म्हणून उभे करण्यापूर्वी हेही ठाऊक असावे की, तो खासगीत त्रैक्याचा सिद्धान्त नाकारीत असे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, म्हणजे त्रैक्याच्याच नावाच्या विद्यालयात राहताना, धर्मदीक्षा घेण्याच्या अटीतून त्याला १६७५ मध्ये राजाकडून सूट मिळाली होती.

१६९२-९३ मध्ये रिचर्ड बेंटली या धर्मोपदेशकास लिहिलेल्या पत्रांत न्यूटनने असे मत मांडले की, गुरुत्वाकर्षण ग्रहांना सूर्याकडे ओढील. पण त्यांना सूर्याभोवती फिरण्यासाठी जी आडवी गती हवी, ती देवाच्या हातानेच दिली असली पाहिजे. म्हणजे पहिला धक्का देवाचा. माझ्या वर्गात मी दिलेले उत्तर हेच होते. १७०६ मध्ये त्याने आणखी सुचविले की, ग्रहांच्या परस्पर ओढीने कक्षांत विस्कळितपणा साचत जाईल आणि कधीतरी या रचनेला दुरुस्तीची गरज पडेल.

१७१५ मध्ये लाइब्निझने यावर टीका केली. ज्याला आपले घड्याळ अधूनमधून दुरुस्त करावे लागते, तो कारागीर कसला कुशल? न्यूटनच्या बाजूने धर्मगुरू सॅम्युएल क्लार्क यांनी उत्तर दिले की, देवाच्या सततच्या कारभाराशिवाय आपोआप चालणारे जग म्हणजे देवाला जगाबाहेर घालविणेच होय. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच हा वाद आजही वाचनीय वाटतो.

पण पुढील इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फिरणाऱ्या वायूच्या मेघातून सूर्यमाला बनली असावी, अशी कल्पना कांटने १७५५ मध्ये व लाप्लासने १७९६ मध्ये मांडली. ग्रहांची आडवी गती त्या मेघाच्याच फिरण्यातून येते. आज हीच दिशा सर्वसाधारणपणे मान्य आहे. गुरू व शनी यांच्या गतीतील जो फरक वाढत जाणारा वाटत होता, तो सुमारे नऊशे वर्षांनी फिरून येणारा आहे, हे लाप्लासने १७८५ च्या सुमारास दाखविले. अशा रीतीने देवासाठी राखून ठेवलेली दोन्ही कामे गणिताने आपल्याकडे घेतली. देव हरला नाही. आपण त्याला चुकीच्या जागी बसविले होते.

याची उलट चूकही करू नये. सूर्यमालेची स्थिरता लाप्लासला वाटली तितकी निर्दोष नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासात पुढील पाच अब्ज वर्षांत बुधाची कक्षा फार बिघडण्याची शक्यता सुमारे एक टक्का आढळली. म्हणून "पाहा, न्यूटनचा देव पुन्हा हवाच" असे कोणी म्हणू लागेल, तर ती जुनीच चूक होईल. न्यूटनचे नियमही अंतिम नाहीत. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची अधिक खोल मांडणी केली. ज्या फटीत आपण देवाला ठेवू ती फट उद्या बुजेल, हे धरूनच चालावे.

७. मग संत थॉमस चुकले काय?

संत थॉमस यांचे भौतिकशास्त्र ॲरिस्टॉटलचे होते. आकाशातील गोलांना अशरीरी चालक हलवितात, असे तेही मानीत. तेवढा भाग जुना झाला, हे मोकळेपणाने सांगावे. परंतु त्यांचा युक्तिवाद भूतकाळातील पहिल्या धक्क्याविषयी नाही. जगाला कालात आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच ज्ञात होते, असे त्यांनी स्वतःच शिकविले आहे. जो माणूस असे म्हणतो तो देवाचे अस्तित्व पहिल्या धक्क्यावर उभारणे शक्य नाही. शिवाय त्यांच्या लेखी गती म्हणजे केवळ जागा बदलणे नव्हे. शक्यतेतून प्रत्यक्षात येणारा प्रत्येक बदल म्हणजे गती. त्यांचा प्रश्न असा आहे की, या क्षणी जे आहे व बदलत आहे, ते कोणाच्या आधाराने आहे?

न्यूटनचा पहिला नियम या प्रश्नाला स्पर्श करीत नाही. वस्तू एकसारखी का चालते याला तो म्हणतो, ती तिची स्थिती आहे, वेगळे कारण नको. योग्यच आहे. पण वस्तू मुळात का आहे, आणि तिच्या वागण्यात असा भरवशाचा नियम का आहे, हे तो सांगत नाही, सांगण्याचा आवही आणीत नाही. देव साखळीचा पहिला दुवा नव्हे. सारी साखळी ज्याच्यामुळे आहे तो देव. संत पौलाने अथेन्समध्ये केलेल्या भाषणात (प्रेषितांची कृत्ये १७) आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हाच आशय आढळतो.

हे उत्तर विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असे मात्र मुलांना सांगू नये. जगाला अशा आधाराची गरज आहे काय, हा तत्त्वज्ञानाचा व श्रद्धेचा प्रश्न आहे आणि प्रामाणिक माणसे त्याला वेगवेगळी उत्तरे देतात. आपण इतकेच सांगू शकतो की, भौतिकशास्त्राचे पुस्तक आणि आपला विश्वास हे एका जागेसाठी भांडणारे दोन भाऊ नव्हेत.

पुढच्या रविवारी मी वर्गात उभा राहून सांगितले की, मागच्या वेळी मी दिलेले उत्तर चुकीचे होते आणि प्रश्न विचारणाऱ्याचे भौतिकशास्त्र बरोबर होते. मग गासांदींच्या गलबताची व लोहाराच्या दगडाची गोष्ट सांगितली. या वेळी कोणी हसले नाही. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे फादर, देव ढकलीत नाही, धरून ठेवतो." मी त्याला म्हटले की, हेही उपमेनेच बोलणे आहे, पण माझ्या उपमेपेक्षा तुझी बरी आहे.